नसलेल्या बायकांच्या काचा

फराळाचं ताट शेजारी ठेवून अंक उघडलेल्यांची आधीच माफी मागते. संपादकांनी माझ्याकडे ‘आखातातले रंजक अनुभव’ मागितले होते, आणि मी लिहितेय गर्भाशयाच्या तोंडाविषयी. सोन्याचा बाजार, वाळूतली सफर, खजुराचे प्रकार यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी त्या देशात अठरा वर्षं काढली आणि त्यातली बहुतेक मायक्रोस्कोपला डोळा लावून काढली. उंट दोनदाच पाहिला. दोन्ही वेळा तो पिकअपच्या मागे बसून माझ्यापेक्षा आरामात चालला होता.

माझा हुद्दा सायटोटेक्निशियन. याला मराठी शब्द नाही. माझ्या सासूबाई शेवटपर्यंत लोकांना सांगत, “सून दुबईला लघवी तपासते.” दुबईही नव्हतं, रास अल खैमा होतं, आणि लघवीही नव्हती. पण दोन्ही दुरुस्त्या एकदम करण्याइतका वेळ त्यांनी मला कधी दिला नाही.

काम सांगते. डॉक्टर एक चपटी लाकडी काडी बाईच्या गर्भाशयाच्या तोंडावरून फिरवतात. काडीला जे लागतं ते काचेच्या पट्टीवर पसरतात आणि वाळायच्या आत अल्कोहोलमध्ये बुडवतात. ही पॅप तपासणी. ते अल्कोहोल आमच्या लॅबमध्ये कुलपात असे आणि किल्ली डॉक्टरांच्या खिशात. न जाणो, काचा बुडवता बुडवता मीच दोन घोट घेतले तर! मग त्या काचेला रंग द्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, शेत नांगरावं तशी, ओळीने बघत जायची. चांगली पेशी हाफ फ्राय अंड्यासारखी दिसते, पसरट अंग आणि मधोमध छोटं टिंब. पेशी बिघडू लागली की टिंब फुगतं, काळवंडतं, त्याच्या कडा वेड्यावाकड्या होतात. अशी पेशी सापडली की काचेवर त्या जागी शाईचा ठिपका द्यायचा, म्हणजे वरच्या डॉक्टरांना शोधावं लागत नाही. हे बिघडणं सहसा वर्षानुवर्षं चालतं, मग कुठे कॅन्सर होतो. म्हणजे वेळेवर काच बघितली, तर एवढासा तुकडा काढून बाई वाचते. इतकं सोपं असल्यामुळेच बहुधा कुणी करत नाही.

आमची लॅब नखील भागात एका फार्मसीच्या डोक्यावर होती. खालच्या मजल्यावर डॉक्टर अन्नम्मांचं क्लिनिक. कोट्टायमच्या, बुटक्या, आणि हिंदी अशी की प्रत्येक शब्द नारळाच्या दुधात शिजवून काढलेला. त्यांचा नियमच होता, सर्दीसाठी आलेल्या बाईचीही काच घ्यायची. “सर्दी अपने आप जाता है, ये अपने आप नहीं जाता,” म्हणत. लॅबचे पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर समीह, इजिप्तचे. जाडजूड माणूस, आवाज मऊ. माझ्या रिपोर्टांवर सही त्यांची. प्रत्येक गोष्टीला त्यांचं उत्तर ‘इन्शाल्ला’. त्याचा अर्थ ‘हो’, ‘नाही’ आणि ‘मला जेवायला जायचंय’ यांपैकी कोणता, हे ओळखायला मला चार वर्षं लागली.

आता मुद्द्याचं. आम्ही होतो त्या काळात तिथे एचआयव्ही असलेली परदेशी बाई नव्हती. एकसुद्धा. कारण व्हिसा मिळताना रक्त तपासायचं, पुढे व्हिसा वाढवतानाही तपासायचं, आणि निघाला एचआयव्ही की माणूस थेट विमानात. एखाद्या लॅबला मध्येच कळलं, तर लॅबने वर कळवायचं. किती स्वच्छ पद्धत! आजाराला हात लावायचाच नाही, आजारी तेवढा उचलून ठेवायचा. आपल्या मंडळींना ही पद्धत फार आवडे. गणपतीच्या जेवणात एक गृहस्थ पुरणपोळीवर तूप ओतत मला म्हणाले होते, “डिसिप्लिन बघा मॅडम! आपल्याकडे जमेल का?” मी म्हटलं, नाही जमणार, आपल्याकडे एवढी विमानं नाहीत.

गंमत अशी की पॅप तपासणीची सगळ्यांत जास्त गरज याच नसलेल्या बायकांना. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो, तो पुष्कळ बायकांना कधी ना कधी होतो आणि बहुतेकींचं शरीर त्याला हाकलून देतं. एचआयव्हीने दमलेलं शरीर हाकलू शकत नाही. मग जे वर्षानुवर्षं चालायचं, ते भराभर उरकतं. म्हणजे मायक्रोस्कोपखाली मला त्या दिसायच्या. कागदावर नसायच्या, पण काचेवर असायच्या.

पहिली एक इथिओपियाची मोलकरीण. तिचं नाव लपवत नाही, मला ते माहीतच नव्हतं, फाइलचा नंबर तेवढा होता. वय पंचवीस आणि काच पंचेचाळिशीच्या बाईला शोभेल अशी. मी ठिपके दिले, डॉक्टर समीहनी सही केली आणि अन्नम्मांनी मालकिणीच्या घरी फोन लावला. पलीकडून एकच शब्द आला, “खलास.” तिच्या व्हिसाच्या रक्ताचा निकाल आमच्या रिपोर्टच्या चार दिवस आधी आला होता. ती केव्हाच विमानात बसली होती. पत्ता? मालकीण म्हणाली, “आफ्रिका.”

तो रिपोर्ट अन्नम्मांच्या कपाटात राहिला. त्यांनी तो फाडला नाही, मीही कधी फाडा म्हटलं नाही. त्या एवढंच बोलल्या, “अगला बार हम पहले पहुँचेगा.”

त्यानंतर वर्षभरात मंगल आली.

मंगल चिपळूणकडची, वय बत्तीस. नवरा दत्ताराम टाइल्सच्या कारखान्यात फोरमन. फ्लॅटच्या स्वयंपाकघरातून ती कारखान्यातल्या अकरा कोकणी पोरांचे डबे चालवायची. तिच्या सुरमईच्या कालवणासाठी माणसं ओव्हरटाइम सोडून येत. अंगावर पांढरं जातं म्हणून ती अन्नम्मांकडे आली. पहिल्या काचेत थोडी गडबड होती, सहा महिन्यांनी परत या असं लिहिलं. सहा महिन्यांनी ती आली ती वजन घटवून, जिभेवर पांढरा थर आणि पाठीवर नागीण उठून गेल्याचे डाग घेऊन. काच मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि मला खुर्ची मागे सरकवावी लागली. कॅन्सर नव्हता, पण कॅन्सरच्या उंबरठ्यावर उभ्या पेशी होत्या. सहा महिन्यांत एवढी मजल चांगलं शरीर मारू देत नाही.

अन्नम्मांनी काचेवरचे ठिपके बघितले, मग मला. “शुभदा, समझा?”

समजलं होतं. आता पेच बघा किती सुबक होता. तुकडा काढायचा तर हॉस्पिटल हवं. हॉस्पिटल ऑपरेशनच्या आधी रक्त तपासणार. रक्तात सापडलं की ते वर कळवणार आणि मंगल विमानात, ऑपरेशन राहिलं इथेच. बरं, काहीच न करता बसावं, तर सात आठवड्यांनी तिचा व्हिसा पहिल्यांदाच वाढवायचा होता. तिथेही रक्तच. सगळे रस्ते एकाच काउंटरला जात होते. एकच उपाय उरला, कुणी घालवायच्या आधी तिने स्वतःहून जायचं. गावी जाते म्हणून निघायचं आणि मुंबईत ऑपरेशन करायचं. पण हे तिला कोण सांगणार? अन्नम्मा म्हणाल्या, “तुम्हारा भाषा, तुम बोलो.” जणू मराठीत एचआयव्ही जरा सौम्य होतो.

शुक्रवारी दुपारी मी तिला घरी बोलावलं. माझी मुलगी दार उघडून आत ओरडली, “आई, सम आंटी इज हिअर!” आणि आपल्या खोलीत गेली. मंगल डबा घेऊन आली होती. रिपोर्ट वाईट निघाला की लोक मला खायला आणत, चांगला निघाला की विसरत.

“मंगल, रिपोर्ट ठीक नाही,” मी म्हटलं. “कॅन्सर नाही झालेला. पण होईल. छोटं ऑपरेशन केलंस की सुटलीस.”

“मग करून टाकू. ह्यांच्या कंपनीचं कार्ड आहे.”

“इथे नको. मुंबईला कर.”

“मुंबईला कशाला? इथली हॉस्पिटलं काय वाईट आहेत? फरशीत तोंड दिसतं.”

“इथे आधी रक्त तपासतात.”

“तपासू देत की. रक्ताला काय धाड भरलीये?”

मी टेबलावरचे चमचे सरळ लावायला लागले. वर्षानुवर्षं काचांशी बोलणाऱ्या बाईला माणसांशी बोलायला लावलं की असं होतं. मंगल हुशार होती. तिचा हात डब्याच्या झाकणावरच थांबला.

“ताई, ते टीव्हीवर सांगतात ते?”

“नक्की माहीत नाही. तपासल्याशिवाय कळणार नाही. आणि तपासणी इथे करायची नाही.”

“पण मी तर कधी कुणाच्या…”

“तू नाही गं. पण तू यायच्या आधी दत्ताराम तीन वर्षं एकटे होते ना इथे?”

हे वाक्य मी बोलले. त्यावर तिने साधी, बरोबर गोष्ट सांगितली. “त्यांचं मेडिकल मागच्याच वर्षी झालं. पास झाले.”

आणि मी, सायन्सची पदवी असलेली, रोज डोळ्यांवर विश्वास ठेवून पोट भरणारी बाई, म्हणाले, “वर्षभरात काय काय होतं, मंगल.”

ती उठली. डबा ठेवून गेली.

सोमवारी दत्ताराम लॅबमध्ये आला. कारखान्याचा निळा शर्ट, भुवयांवर पांढरी धूळ. “मॅडम, माझ्या बायकोला काय सांगितलंत? तीन दिवस बोलत नाही माझ्याशी.”

“जे सांगायला हवं होतं ते,” मी म्हटलं. मायक्रोस्कोपवरून डोळाही काढला नाही. “तिकीट काढा तिचं. लवकर.”

“दोन काढतो. मीपण जातो. राजीनामा देतो.”

मला वाटलं, पाप डोकं वर काढतंय. हे मी मनात म्हटलं, पण चेहऱ्यावर बहुतेक स्वच्छ अक्षरात उमटलं असावं. तो मान खाली घालून गेला.

आता काचेचा प्रश्न होता. नुसता रिपोर्ट दाखवला तर मुंबईचे डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतील, महिना जाईल. काच बरोबर हवी. पण काच लॅबची मालमत्ता, ती बाहेर द्यायची तर अर्ज, आणि अर्जावर ‘कारण’ अशी एक लांबलचक रेघ. मी डॉक्टर समीहकडे गेले आणि पेशंटला काच हवीय म्हणून सांगितलं. त्यांनी काच मागून घेतली, मायक्रोस्कोपखाली घातली आणि बराच वेळ बघत राहिले. त्यांना काय दिसलं आणि त्यावरून काय कळलं, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मग त्यांनी खोक्यातून एक कोरी काच काढली, हात लांब केला आणि ती फरशीवर सोडून दिली. खळ्ळ!

“शुभदा, बघ, फुटली,” ते हळहळून म्हणाले. “रजिस्टरमध्ये लिही. खलास.”

मंगलची काच त्यांनी प्लॅस्टिकच्या डबीत घालून माझ्या हातात दिली आणि जेवायला गेले. त्या दिवसापासून त्यांच्या ‘इन्शाल्ला’ची मी टिंगल केली नाही. निदान त्यांच्या तोंडावर तरी.

ती दोघं शारजाच्या विमानतळावरून गेली, इतर प्रवाशांसारखी. पासपोर्टवर कसलाही शिक्का नाही. अकरा कोकणी पोरं चार दिवस पाव-अंडी खाऊन मला शिव्या देत होती म्हणे. कारण कुणाला माहीत नव्हतं, पण शेवटची भेट माझ्या घरी झाली एवढं माहीत होतं.

मग तीन महिने काही कळलं नाही. ऑगस्टच्या सुट्टीत मी भारतात आले आणि पत्ता शोधत चिपळूणजवळच्या त्यांच्या घरी गेले. मनात ठरवलं होतं, मंगलला भेटायचं, दत्तारामला नमस्कारही करायचा नाही.

दार त्यानेच उघडलं. मला बसवलं, पाणी दिलं. मंगल आतून आली. बारीक झाली होती, पण चालत होती.

“ऑपरेशन?” मी विचारलं.

“झालं. पण तुमच्या मुंबईने काय कमी फिरवलं नाही,” ती म्हणाली. “एका हॉस्पिटलनं रक्त बघितलं आणि ऑपरेशन थिएटरचा एसी बिघडलाय म्हणाले. दुसऱ्यानं फाइलवर लाल पेनानं मोठ्ठं काहीतरी लिहिलं आणि मला बाकाच्या टोकाला बसवलं. सगळा बाक रिकामा झाला. तिकडे विमानात बसवतात, इकडे बाकावर. आपली प्रगती आहे तेवढी.”

तिसऱ्या ठिकाणी, एका सरकारी हॉस्पिटलात, एका तरुण डॉक्टरीणबाईंनी ती काच उजेडासमोर धरली आणि मायक्रोस्कोपखाली घातली. “हे ठिपके कुणी दिलेत?” त्यांनी विचारलं. मंगल म्हणाली, “आमच्या ताईंनी.” “नेमके दिलेत,” म्हणून त्यांनी तिचं नाव त्याच आठवड्याच्या ऑपरेशनच्या यादीत घातलं. तुकडा काढला. त्याच्या कडा स्वच्छ निघाल्या, म्हणजे वाईट पेशी मागे राहिल्या नव्हत्या. नोकरीत मला तीन घड्याळं आणि एक स्टीलचा डिनर सेट बक्षीस मिळाला. पण ‘नेमके दिलेत’ हे दोन शब्द मी त्या सगळ्यांच्या वर ठेवते.

तेवढ्यात मंगल म्हणाली, “ह्यांची पण तपासणी केली. दोनदा. ह्यांना काही नाही.”

मी दत्तारामकडे बघितलं. तो चहा गाळत होता.

तिथल्या एका समुपदेशक बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, कधी रक्त चढवलं होतं का? चढवलं होतं. मंगलचं पहिलं बाळंतपण तालुक्याच्या गावी झालं, अडलं, मूल गेलं, खूप रक्त गेलं. दोन बाटल्या कुठूनतरी आणल्या आणि चढवल्या. बायको नुसती भिंतीकडे बघत बसते असं कळल्यावर दत्तारामने धावपळ करून दीड महिन्यात तिचा व्हिसा काढला आणि तिला आपल्याजवळ आणलं. आल्या आल्या रक्ततपासणी झाली. पण त्या वेळच्या तपासणीला विषाणू दिसायला तेवढे दिवस पुरत नसत. मंगल पास. जगातल्या सगळ्यांत शिस्तीच्या दारातून ती सहीशिक्क्यानिशी आत आली होती.

एवढा साधा प्रश्न. अन्नम्मांनी विचारला नाही, मी विचारला नाही. आम्हाला उत्तर आधीच माहीत होतं, मग प्रश्न कशाला वाया घालवायचा?

“दत्ताराम,” मी म्हटलं, “मी तुमच्याबद्दल… त्या दिवशी लॅबमध्ये…”

“सोडा मॅडम. सगळ्यांनीच तसं धरलं. हिच्या भावानं तर गावात सांगितलं.” त्याने कप माझ्यापुढे ठेवला. “आणि मी कोण मोठा साधू! माझा रिपोर्ट चांगला आला, तेव्हा दोन दिवस मी हिच्याकडे वाकड्या नजरेनं बघितलं. डबे द्यायला कोण कोण यायचं, मोजत बसलो.”

“तुम्ही सगळे शिकलेसवरलेले हुशार,” मंगल म्हणाली. “एकमेकांवर संशय घेतलात. बाटलीवर कुणी नाही घेतला.”

मी चहा प्यायले. फार गोड होता. सगळा संपवला.

पुढची वर्षं सोपी नव्हती. त्या काळात एचआयव्हीची औषधं होती, पण आमच्यासारख्यांनाही परवडली नसती. मंगलला मध्ये टीबी झाला, त्यातून ती उठली. दत्ताराम गावात आणि आसपास टाइल्स बसवायची कामं घेऊ लागला. आखातात फोरमन होता, इथे स्वतः गुडघ्यावर बसून फरशी ठोकायचा. मी दरवर्षी सुट्टीत जायचे. मंगल दरवर्षी मुंबईला जाऊन पॅप तपासणी करून यायची आणि रिपोर्ट माझ्यापुढे आपटायची, परीक्षेत पहिला आल्यासारखा. मग सरकारी हॉस्पिटलांत औषधं फुकट मिळू लागली. तोवर ती टिकली होती. किती जणी टिकल्या नाहीत, ते तीच मला सांगे, नावं घेऊन. मला नंबर माहीत असायचे, तिला नावं.

रास अल खैमा सोडताना अन्नम्मांनी चहाला बोलावलं. कपाटाचा विषय निघाला नाही. आम्ही दोघी त्या कपाटाकडे पाठ करून बसलो होतो.

कायमची परत आल्यावर पहिल्याच वर्षी मंगल म्हणाली, या वेळी माझ्याबरोबर चला. गेले. तेच सरकारी हॉस्पिटल. बाकावर पंधरा-वीस बायका. मी सवयीने सगळ्यांना तपासणी कशी असते ते समजावून सांगू लागले. काडी गुळगुळीत असते, दुखत नाही, दोन मिनिटांचं काम, त्रास नसला तरी करावी. छान बोलत होते. एकीने तर पदर सावरून मला “डॉक्टरीणबाई” म्हटलं.

मंगल ऐकत होती. मग म्हणाली, “ताई, तुमची कधी झाली?”

“माझी काय?”

“तपासणी.”

“अगं, मी तर हजारो बायकांच्या…”

“बायकांच्या नाही विचारत. तुमची.”

लॅबमध्ये काम करणाऱ्या बाईने खाली जाऊन टेबलावर झोपायचं म्हणजे जरा अवघडच. शिवाय वेळ नसायचा. शिवाय… “मला काही त्रास नाही,” मी म्हटलं.

हे वाक्य अठरा वर्षं मी अन्नम्मांच्या पेशंटांकडून ऐकलं होतं. माझ्या तोंडात ते इतकं सहज आलं की मलाच नवल वाटलं. बाकावरच्या सगळ्या बायका माझ्याकडे बघू लागल्या. मंगल एवढी हसली की तिला खोकला आला.

मग ती उठली, माझा दंड धरला आणि मला रांगेतून पुढे नेऊन टेबलापाशी उभं केलं. “सिस्टर, आधी ह्यांचं नाव लिहा. नंतर माझं.”

सिस्टरने नाव लिहिलं आणि वय विचारलं. मी दोन वर्षं कमी सांगितलं. मंगलने शेजारून बरोबर आकडा सांगितला.